परदेशातला विद्यार्थी आणि काटकसर



आपल्या गावातून हल्ली कुणी ना कुणी शिकायला जर्मनीला निघतो. लोणच्याच्या बरण्या आणि उपदेश दोन्ही त्याच्याबरोबर भरपूर जातात. आम्ही तिथे दोन वर्षे विद्यार्थी होतो; त्या अनुभवावरून आज चार शब्द बोलणार आहोत.

तिथे पाण्याची प्लास्टिकची बाटली घेतली, की किमतीवर २५ सेंट अनामत मोजावी लागते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली, म्हणजे पैसे परत. हा रिवाज २००३ पासूनचा. आपल्याकडेही दुधाच्या काचेच्या बाटल्या अशाच घरोघर फिरत असत, हे इथल्या वडीलधाऱ्यांना आठवेल. कचऱ्याचे तर सोवळेच! कागद निराळा, ओला कचरा निराळा, आणि काच पांढरी, तपकिरी, हिरवी अशी तीन पेट्यांत. रविवारी काच टाकायची नाही. खळखळाटाने शेजाऱ्यांची विश्रांती मोडते. थंडीत खिडकी दिवसभर किलकिली ठेवीत नाहीत. शेगडी बंद करून पाच मिनिटे ती सताड उघडायची आणि मिटायची. हवा बदलते, भिंती उबदार राहतात. तुर्की वाण्याकडे मसूर मिळतो, जुन्या बाजारात सायकल मिळते. आमटीभात खाऊन सायकलवर हिंडणारा आपला मुलगा, मांसाहारी आणि मोटारवाल्या सहाध्यायाच्या मानाने, पृथ्वीवर कमीच भार घालतो. गरिबीने लावलेली ही सवय तिथे प्रतिष्ठेची ठरते, याची आम्हांला मोठी गंमत वाटे.

आता जरा अवघड बोलायचे आहे. मुंबई ते फ्रँकफुर्ट हे अंतर सुमारे साडेसहा हजार किलोमीटर. एका जाण्यायेण्यात प्रवाशामागे अंदाजे एक टन कार्बन वायू आकाशात जातो. वर्षभराच्या बाटल्या निष्ठेने परत केल्या तरी ही तूट भरून निघत नाही. म्हणून दर दिवाळीला धावत यायचे, की दोन वर्षांत एकदाच येऊन दीड महिना राहायचे, हा खरा प्रश्न आहे. आम्ही दुसरा मार्ग धरला. आईला तो रुचला नाही, आणि तिचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही.

गांधीजी १८८८ साली लंडनला गेले. भाडे वाचवायला ते रोज आठदहा मैल चालत. परतले ते १८९१ साली. मधल्या काळात आई वारल्याचे त्यांना इथे आल्यावरच कळले. तेव्हा बोटीला पर्याय नव्हता. आज विमान आहे. घरात कुणी अंथरुणाला खिळले असेल, तर कसलाही हिशेब न करता पहिल्या विमानाने यावे. चुलत भावाच्या साखरपुड्याला मात्र आईबापांनीच कळवावे, ‘येऊ नकोस, फोटो पाठवतो.’