कोरफडीचा हिशेब



आम्ही रत्नागिरीचे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तरी एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांवर टँकर येतात. जांभ्यात पाणी ठरत नाही. त्याच जांभ्याच्या गडग्यावर, मूठभर मातीत कोरफड मात्र तग धरते. पानांची छिद्रे ती रात्री उघडते, दिवसा उन्हात मिटून घेते आणि पाणी पानात राखते. घरोघरी भाजल्यावर तिचा गर लावतात. सालीखालचा पिवळा चीक मात्र वेगळा. तो आटवून वाळवला की काळा बोळ होतो. त्याने जोराचे जुलाब होतात. गरोदर बाईला तो देऊ नये.

झाड गुणाचे, पाणी कमी लागते. म्हणूनच कोणी कोरडवाहू गावात येऊन म्हणेल, "कपाशी मोडा, कोरफड लावा, माल आम्ही परत घेऊ." त्याला तीन प्रश्न विचारा.

पहिला, आधी कमावणार कोण? दोन बाय दोन फुटांवर एकरी १०,८९० रोपे बसतात. बुडाशी फुकट फुटणारी पिल्ले तो तुम्हाला रोप म्हणून विकणार. त्याची कमाई पहिल्याच दिवशी. तुमची पाने पोसल्यावर.

दुसरा, कारखाना किती लांब? गरात शंभरात अठ्ठ्याण्णव भाग पाणीच. गाडीभर पाने नेणे म्हणजे पाण्याचे भाडे भरणे. ते कोण भरणार?

तिसरा, भाव पडला तर? कापूस घरात भरून थांबता येते, ज्वारी कणगीत राहते. तोडलेले पान थांबत नाही, नासते. घेणारा एकच असला, तर तो सांगेल तो भाव.

२०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत "परत घेऊ" याच शब्दावर शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले आणि ते बुडाले. पक्षी खरे होते, शब्द खोटा निघाला.

कोरफड वाईट नाही. कारखाना जवळ असेल, भाव लेखी असेल, तर आधी गुंठाभर लावून पाहा. नसेल तर न्हाणीजवळ दोन झाडे पुरेत. आणि रोपे विकणारा गावात आला, तर हे तीन प्रश्न चावडीवर, चारचौघांदेखत विचारा. उत्तरे सहीनिशी कागदावर घ्या.