दुखत नाही, म्हणून थांबू नका

मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा कमी मात्रेचा एक्स-रे. हाताला गाठ लागण्याआधीच तो बदल टिपू शकतो. पण मॅमोग्राफीचं यंत्र जवळपास नसेल तर? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८पासून वीस वर्षं दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या जणींची प्रशिक्षित आरोग्यसेविका सुरुवातीची काही वर्षं दर दोन वर्षांनी हातांनी स्तनतपासणी करत. या गटातल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीनंतर ही तपासणी करून घेता येते. स्तनात वा काखेत गाठ, त्वचेला खळी, स्तनाग्रातून रक्त, असं काही आढळलं, तर दुखत नसलं तरी लगेच डॉक्टरांना दाखवा.