गोळी कुणी बंद केली?

श्रोतेहो, आमच्या अम्मीच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत पडून असत. तिला अर्धांगवायूचा झटका आला, त्यानंतर मी त्या तारखेनुसार लावल्या. पहिलीवर १५०/९०. पुढच्या वर्षीच्या चिठ्ठीवर १७०/१००. तिसरीवर दोनच शब्द – ‘गोळी बंद’. दवाखाने तीन, डॉक्टर तीन. गोळी बंद केली होती अम्मीनंच. रमजानात न्याहारी नाही, म्हणून न्याहारीनंतरची गोळीही नाही. ईदनंतर सुटली ती सुटलीच. सहरीला किंवा इफ्तारला घेऊ का, हे डॉक्टरांना विचारायचं आम्हा मुलांनाही सुचलं नाही.

डॉक्टरांची अशी टिपणं वाचायला आता संगणकाला शिकवतात. या विद्येला नैसर्गिक भाषाप्रक्रिया म्हणतात. नोंदी संगणकात असल्या, की तो मजकुरातून रक्तदाबाचे आकडे वेचतो, तारखांशी जोडतो आणि ज्याचा दाब वारंवार १४०/९० च्या वर गेला, तो रुग्ण दाखवून देतो.

आकडे सोपे, शब्द अवघड. आपल्याकडे ‘बीपी आहे’ म्हणजे दाब वाढलेला. ‘बीपी नाही’ म्हणजे तो आजार नाही. ‘आईला बीपी’ लिहिलं, तर आजार आईचा, रुग्णाचा नव्हे. इंग्रजी टिपणांतला नकार नेमका कोणत्या आजाराला लागतो, हे ओळखण्याची ‘नेगेक्स’ नावाची पद्धत वेंडी चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली अमेरिकेत मांडली. एका ‘नाही’साठी एवढा खटाटोप! कवीला हे वाचून बरं वाटतं.

रक्तदाब नियंत्रणाचा देशव्यापी उपक्रम २०१७ साली सुरू झाला. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे त्याचे पहिले जिल्हे. प्रत्येक रुग्णाचं कार्ड, त्यावर दाबाची नोंद, तारखेला न आलेल्यांचा शोध, अशी ती पद्धत. पण चौकटीत आकडा मावतो, गोळी का सुटली ते मावत नाही.

ते कळतं घरी येणाऱ्या माणसाला. आपल्या जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. शेजारीण विचारते, तेव्हा माणूस खरं सांगतो.

यंत्र कागदावरचं वाचेल. न लिहिलेलं कसं वाचणार? म्हणून डॉक्टरांना विनंती, ‘गोळी बंद’च्या पुढे कुणी आणि का, एवढं लिहा. आणि श्रोतेहो, गोळी आपणच सोडली असेल, तर न लाजता सांगा. अम्मीच्या त्या चिठ्ठीवर ‘रमजानात सुटली’ एवढंच असतं, तरी पुढच्या डॉक्टरांनी ती पुन्हा सुरू केली असती.