कुलूपबंद मराठी

श्रोतेहो, आपण लिहितो ते दुसऱ्याला कळावे म्हणून. पण कोणाला कळू नये म्हणूनही माणसे लिहितात. त्याचे एक नवलाचे उदाहरण आपल्या मराठीतच आहे.

तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी महानुभाव पंथ स्थापला. त्यांचा उपदेश लोकांच्या मराठीत होता. त्यांच्या मागे म्हाइंभटांनी, ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांना विचारून विचारून, आठवणी गोळा केल्या. तोच 'लीळाचरित्र' हा ग्रंथ. पुढे केसोबास संस्कृतात ग्रंथ रचू लागले, तेव्हा आचार्य नागदेवांनी त्यांना अडवले, असे 'स्मृतिस्थळ' सांगते. का बरे? तर संस्कृत केले म्हणजे पंथातल्या म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानाला मुकतील!

आता पुढची गंमत पहा. म्हातारीलाही समजावे म्हणून जे मराठीत लिहिले, तेच पुढे गुप्त लिप्यांत बंद झाले. पंथाबाहेरच्या हाती ग्रंथ पडू नयेत, हा हेतू. या लिप्यांत 'सकळ' प्रमुख. 'सुंदरी' वगैरे दुसऱ्याही होत्या. सकळ लिपी रवळोबासांनी रचली, असे मानतात.

युक्ती साधी होती. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा निराळे चिन्ह घालायचे. समजा, आपण ठरवले की 'म'च्या जागी 'प' आणि 'य'च्या जागी 'क' लिहायचा. मग 'माय' लिहिले की 'पाक' दिसेल! किल्ली ज्याच्याजवळ, त्यालाच माय भेटेल.

या कुलपाने ग्रंथ जपले खरे, पण त्याची किंमतही पडली. मराठीचे हे जुने गद्य शेकडो वर्षे मराठी माणसालाच ठाऊक नव्हते. आणि जे दिसत नाही त्याविषयी गैरसमज फार. विसाव्या शतकाच्या आरंभी काही महंतांनी पोथ्या दाखवल्या. इतिहासाचार्य राजवाडे, वि. ल. भावे यांनी खटपट केली, तेव्हा दार उघडले. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ साली निघाले. सातशे वर्षांपूर्वीची माणसे काय जेवत, कशी रुसत, कशी बोलत, हे आज आपण त्यात वाचू शकतो.

पण मंडळी, कुलूप घालायला गुप्त लिपीच लागते असे नाही. मोडी काही गुप्त लिपी नव्हे. आपल्या पणजोबांचे जमिनीचे कागद, वतनाचे कागद, सावकाराचे हिशेब तिच्यातच लिहिलेले असत. वाचणारे कमी झाले, आणि तीच उघडी लिपी आज घरच्यांनाच कुलूप होऊन बसली आहे.

म्हणून माळ्यावर न वाचता येणारे बाड सापडले, तर ते नदीत सोडू नका, रद्दीत घालू नका. गुरुजींना दाखवा. आणि गुरुजनहो, तुम्हालाही लागले नाही, तर जाणत्यापर्यंत पोहोचवा. मोडीचे चार धडे स्वतः गिरवले, तर फारच उत्तम. कुलूप कितीही जुने असले तरी उघडते. किल्ली धरणारा हात मात्र गावात एक तरी हवा.