रूट कॅनाल : दाताच्या मुळाचा उपचार आणि त्याची योग्य वेळ
(आरोग्यविषयक व्याख्यान)



दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत अदंतधावनाचा समावेश आहे. देहाच्या शृंगाराविषयी अनासक्ती हा त्यामागील भाव. परंतु हे व्रत दिवसातून एकदाच आहार घेणाऱ्या महाव्रतींचे आहे. चार वेळा चहा-फराळ घेणाऱ्या गृहस्थाने त्याचा आधार घेऊन दातांची हेळसांड करणे सयुक्तिक नव्हे. कारण गोड पदार्थ किती खाल्ले याइतकेच ते किती वेळा खाल्ले, यावरही दाताची कीड अवलंबून असते.

दाताचे बाह्य आवरण म्हणजे एनॅमल. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. त्याखाली डेंटिन आणि गाभ्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतूंनी युक्त असा मृदू भाग असतो. त्यालाच व्यवहारात ‘नस’ म्हणतात. ती मुळांतील सूक्ष्म नलिकांतून जबड्यापर्यंत जाते. पुढच्या दातांत बहुधा एक, तर दाढांत तीन-चार नलिका आढळतात.

प्रत्येक किडलेल्या दाताला रूट कॅनाल लागत नाही. थंड पाण्याने क्षणभर सणक उठून लगेच थांबत असेल, तर बहुधा कीड काढून सिमेंट भरणे पुरते. मात्र थंड-गरमाची कळ बराच वेळ राहणे, कारणाविना ठणका लागणे, रात्री आडवे होताच तो वाढणे, ही नस कायमची बिघडल्याची लक्षणे होत. हिरडीवर पुवाची पुटकुळी येणे किंवा मार लागलेला दात काळसर पडणे, ही नस मृत झाल्याची चिन्हे असू शकतात. निदान तपासणी व एक्स-रेनेच निश्चित होते.

येथे मोठा घात होतो तो ठणका आपोआप थांबल्यावर. रोग बरा झाला, असे रुग्णास वाटते. वास्तविक नस मेलेली असते आणि जंतूंचा प्रसार मुळाच्या टोकाशी चालूच राहतो. मृत नसेत रक्तप्रवाह नसल्याने गोळ्यांचे औषध तेथे पोहोचत नाही. म्हणूनच केवळ प्रतिजैविके घेऊन हा रोग मुळापासून जात नाही.

उपचारात प्रथम जागा बधिर करतात. दात वरून उघडून बारीक फाइल्सनी नलिका साफ करतात, जंतुनाशक द्रावणाने धुतात आणि गटापर्चा भरून बंद करतात. गटापर्चा हा मलाया प्रदेशातील वृक्षांच्या चिकापासून मिळणारा पदार्थ आहे. दाढेचा बराच भाग पोखरला गेल्याने ती तडकू शकते. म्हणून नंतर कॅप बसवणे टाळू नये. मूळ उभे चिरलेले असल्यास किंवा दात हिरडीखाली फार तुटलेला असल्यास मात्र तो काढणेच इष्ट ठरते.

या उपचाराने दृष्टी मंदावते, हा निव्वळ गैरसमज आहे. खर्चाच्या भीतीने वाचण्याजोगा दात काढणाऱ्यांनी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयाचा विचार अवश्य करावा. ही संस्था १९६८ पासून कार्यरत आहे.

तपस्वी कुटुंबांनी एक बाब विशेष ध्यानी घ्यावी. पर्युषण वा दशलक्षण पर्वात उपवास सुरू असता दात दुखू लागल्यास पारण्यापर्यंत सोसण्याकडे कल असतो. साधा ठणका असेल तर दंतवैद्यांचा सल्ला घेऊन वेळ ठरवता येते. परंतु गाल वा गळ्याकडे सूज पसरणे, ताप येणे, तोंड न उघडणे, गिळण्यास वा श्वासास त्रास होणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. हा संसर्ग प्राणावर बेतू शकतो. त्यापेक्षा चातुर्मासापूर्वीच दंततपासणी करून घेणे श्रेयस्कर.

रात्रिभोजनत्याग दातांसही हितकारक आहे. निद्रेत लाळ कमी स्रवते. त्या वेळी दातांत अन्नकण नसणे उत्तम. म्हणून सायंभोजनानंतर, नियमाच्या मर्यादेत, दात अवश्य स्वच्छ करावेत. विदर्भात परिचित असलेल्या खर्ऱ्यापासून तर कटाक्षाने दूर राहावे. सुपारीने दात झिजतात व तडकतात, तंबाखूने कर्करोग जडतो.

देह हे धर्मसाधनेचे साधन आहे. त्याचा मोह नसावा. पण त्याची उपेक्षाही नसावी.

जय जिनेंद्र!