माईक कितीचा, त्याआधी माईक कुठे

(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आवाजाच्या धंद्यात असल्यामुळे मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "घरच्या व्हिडिओ कॅमेऱ्याला लावायला दोन-तीन हजारांत चांगला माईक कुठला?" मी उलट विचारतो, बोलणारा माणूस कॅमेऱ्यापासून किती लांब बसणार? लोकांना वाटतं, हा टाळतोय. पण उत्तराचा बराचसा भाग त्या अंतरातच आहे.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. आजींचं वय झालंय, नातवाला त्यांच्या जात्यावरच्या ओव्या आणि जुन्या गोष्टी रेकॉर्ड करून ठेवायच्या आहेत. हॉलमध्ये आजी खुर्चीत, आठ फुटांवर स्टँडवर हँडीकॅम. डोक्यावर पंखा, पायाखाली गुळगुळीत टाइल्स, आत कुकर. चित्र झकास येतं. आवाज ऐकला तर पंखा पुढे आणि आजी मागे. नातू म्हणतो, कॅमेऱ्याचा माईक भिकार. त्या माईकवर एवढं रागवायचं कारण नाही. त्याला आठ फुटांवर बसवलंय, तो तरी काय करणार?

इथलं गणित शाळेतलंच आहे. अंतर दुप्पट झालं की तोंडातून थेट येणाऱ्या आवाजाचा दाब निम्मा होतो, म्हणजे 6 डेसिबलने उतरतो. एक फुटावर जो आवाज मिळतो तो दोन फुटांवर निम्मा, चार फुटांवर पाव, आठ फुटांवर एक अष्टमांश. 18 डेसिबल गेले. पंख्याचा आवाज मात्र भिंतींवर आणि फरशीवर आपटून खोलीभर पसरलेला असतो, तो कुठेही जवळपास तेवढाच भरतो. आजींचा आवाजही तसाच आपटतो, थेट आवाजाच्या मागोमाग माईकवर पोचतो आणि शब्दांच्या कडा पुसून टाकतो. स, श, फ ही व्यंजनं मुळात दुबळी, त्यामुळे ती आधी जातात. मग आजी बोलल्याचं कळतं, काय बोलल्या ते कळत नाही.

समोर बसलेल्या नातवाला मात्र सगळं स्वच्छ ऐकू आलेलं असतं. दोन कान आणि त्यांच्यामागे मेंदू, यांची ती करामत. गलक्यातून एकाच माणसाचं बोलणं आपण कसं वेचतो, यावर कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने 1953 साली प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांच्या डोळ्यांपुढे पार्टी होती. लग्नाच्या पंगतीत बसलेल्याला हे शिकवायला नको. माईकला ही निवड जमत नाही.

मग उपाय काय? दुकानदार कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा, स्पंज चढवलेला माईक दाखवेल. दिसतो रुबाबदार. नळीसारखा असेल तर ‘शॉटगन’ म्हणून विकतील आणि लांबचा आवाज खेचून आणतो असं सांगतील. खेचून काही आणत नाही. बाजूने येणारा आवाज थोडा कापतो, एवढंच. तेही नळीच्या लांबीवर अवलंबून. वीतभर नळीचा उपयोग साधारण 2000 हर्ट्झच्या वरच्या आवाजालाच होतो, आणि पंख्याची घरघर त्याच्या बरीच खाली असते. शिवाय बंद खोलीत घुमारा समोरूनही येतो, त्याला नळी काय अडवणार? कॅमेऱ्याच्या झूमची आणि बटणांची खटखट या माईकने कमी होते, हा त्याचा खरा फायदा. चार फुटांच्या आत बसून बोलणार असाल तर जरूर घ्या. आठ फुटांसाठी पैसे घालू नका.

माझं मत विचाराल तर घरच्या कामाला पहिला माईक तारेचा कॉलर माईकच. हजाराच्या आत-बाहेर मिळतो. एवढ्या स्वस्तात एवढा बरा आवाज कसा, अशी शंका येते. त्याचं श्रेय जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर या दोघांना. 1962 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये त्यांनी पातळ प्लास्टिकच्या पडद्यात विद्युतभार कायमचा मुरवून दाखवला. त्याआधीच्या कंडेन्सर माईकना तो भार बाहेरून, मोठ्या व्होल्टेजने द्यावा लागायचा. ते झंझट गेलं, माईक वाटाण्याएवढा झाला आणि किंमत कोसळली. कॉलरवरच्या त्या काळ्या बोंडात हाच इलेक्ट्रेट माईक असतो. पडद्यामागच्या इवल्याशा ट्रान्झिस्टरला दोन-तीन व्होल्ट पुरतात. ते अनेक कॅमेरे सॉकेटमधूनच देतात, नाहीतर माईकमध्ये बटन सेल असतो.

आता घेताना डोळ्यांत तेल घालून काय बघायचं? माईकची पिन हातात धरा. धातूवर काळ्या रेघा दिसतील. दोन रेघा असतील तर ती कॅमेऱ्याची पिन, तीन असतील तर मोबाईलची. दोन्ही 3.5 मिलिमीटरच्या, दोन्ही एकमेकींच्या सॉकेटमध्ये जातात, पण आतलं वायरिंग वेगळं. चुकीची पिन लागली की आवाज येत नाही, किंवा खरखर येते, आणि बिचाऱ्या माईकला शिव्या बसतात. जोडायला छोटा कन्व्हर्टर मिळतो. काही माईक दोन्हीकडे चालतात. बोयाचा बीवाय-एमवन घराघरांत दिसतो, त्याची तार 6 मीटर, म्हणजे वीस फूट आहे आणि मधल्या डबीवर मोबाईल की कॅमेरा असा खटका आहे. काम झाल्यावर खटका कॅमेऱ्याकडेच राहिला तर सेल उतरतो. जादा सेल खिशात असू द्या.

माईक लावायचा हनुवटीखाली वीतभर, छातीच्या मध्यावर. साडीच्या काठावर नको. सुती कपडा उत्तम. पैठणी नेसून बसलेल्या बाईंच्या रेकॉर्डिंगमध्ये रेशमाची सळसळ शब्दांइतकीच मोठी येते, आणि मंगळसूत्राच्या वाट्या माईकवर आपटल्या की थेट टाळ वाजतात. दागिना जरा बाजूला घ्या, तारेचा एक वेढा कपड्याआड घेऊन औषधाच्या दुकानातल्या कागदी चिकटपट्टीने चिकटवा. तार ओढली गेली तरी धक्का बोंडापर्यंत जात नाही.

बिनतारी संच सध्या जोरात आहेत. नाचाचे धडे देणारे, किंवा शेतात फिरत बोलणारे, त्यांना घ्यावेच लागतील. पण स्वस्तातले बरेचसे थेट मोबाईलच्या टाइप-सी सॉकेटसाठी असतात, कॅमेऱ्याला लागतच नाहीत. त्यातली ‘नॉइज कॅन्सलेशन’ पंख्याबरोबर शब्दांची शेपटंही कापते. ते 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, तिथेच घरातलं वायफाय, आणि मधे माणसाचं अंग आलं तरी सिग्नल अडतो. खुर्चीत बसलेल्या आजींना हे कशाला?

कुणी म्हणेल, घरात गाण्याचा स्टेजवरचा माईक पडून आहे, तो लावू का? त्या जातीचा, 1966 पासून चालत आलेला शुअर एसएम58 आजही मंचावर राज्य करतो. पण असल्या डायनॅमिक माईकमधून निघणारा सिग्नल फार बारीक. कॅमेऱ्याला तो ताणून मोठा करावा लागतो, आणि त्याबरोबर स्वतःची सूंऽऽही मोठी करावी लागते.

या सगळ्याआधी कॅमेऱ्याच्या कडेचं रबरी झाकण उघडून बघा. ‘माईक’ लिहिलेलं छिद्र आहे का? अनेक स्वस्त हँडीकॅमना ते नसतंच. तर मग कॉलर माईक मोबाईलला लावा, मोबाईल आजींच्या शेजारी ठेवा, रेकॉर्डर चालू करा आणि कॅमेऱ्यापुढे एक टाळी वाजवा. एडिटिंग करताना चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवली की झालं. सिनेमातली क्लॅप दुसरं काय करते? तासभर सलग रेकॉर्ड केलंत तर दोन्ही यंत्रांची घड्याळं किंचित सरकतात, म्हणून मधेमधे थांबून पुन्हा टाळी द्या.

ज्याला एक पैसा लागत नाही ते काम लोक सगळ्यात शेवटी करतात. पंखा बंद करा. फरशीवर सतरंजी किंवा गोधडी टाका, पडदे ओढा. फ्रीज बंद करा, आणि स्कूटरची किल्ली फ्रीजमध्येच ठेवा, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय घराबाहेर पडता येणार नाही. ही आम्हा रेकॉर्डिस्टची जुनी युक्ती. 1931 साली पडद्यावर आलेला ‘आलम आरा’ मुंबईत रेल्वेच्या रुळांलगतच्या स्टुडिओत झाला. दिग्दर्शक आर्देशिर इराणींनी लोकल थांबल्यावर रात्री उशिरा चित्रीकरण केलं आणि माईक नटांच्या आसपास दडवून ठेवले. भारताच्या पहिल्या बोलपटाला जे कळलं होतं, ते आपण कॅमेरा घेताना विसरतो.

गच्चीवर किंवा समुद्रकिनारी वाऱ्यापुढे नुसता स्पंज पुरत नाही, वर केसाळ टोपी लागते. कॅमेऱ्यातली आपोआप आवाज वाढवणारी सोय बंद करता आली तर करा, नाहीतर आजी श्वास घेण्यासाठी थांबल्या की पंखा चढतो. आणि हेडफोन लावून ऐका. पुढे सॉफ्टवेअर आहेच, असं कुणी म्हणालं तर सांगा, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तीन हजार असतील तर हजाराचा तारेचा कॉलर माईक, हजार-बाराशेचे बरे हेडफोन, आणि उरलेल्यात कन्व्हर्टर, केसाळ टोपी आणि सेल. माझा हिशेब एवढाच. आता प्रश्नोत्तरं. स्वयंसेवक माईक घेऊन येतील, तो तोंडाशी धरून विचारा.