उंबऱ्याच्या आत पत्ते

 जेवणं झाली असतील, काहींची भांडी अजून व्हायची असतील. हातातलं काम करता करता ऐका.

आज मी पत्त्यांविषयी बोलणार आहे. पत्ते म्हटलं की आपल्यातल्या निम्म्याजणींच्या कपाळाला आठी पडते, हे मला ठाऊक आहे. माझ्याही पडायची. आमच्या घरात तर पत्त्यांचं नाव काढायची सोय नव्हती. माझे थोरले दीर तीन पत्तीच्या फडावर बसायचे. आधी दुधाचा पगार गेला, मग बैलजोडी गेली, शेवटी विहिरीजवळचं दोन एकर रान गेलं. त्या दिवशी सासूबाईंनी घरातला पत्त्यांचा कॅट चुलीत घातला आणि म्हणाल्या, "या उंबऱ्याच्या आत पुन्हा पान दिसलं तर मी अन्न सोडीन." याला एकोणीस वर्षं झाली. दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतली पोरं बदाम सात नाहीतर झब्बू खेळायची आणि आमची मुलं लांबून बघायची.

अशा घरातली माझी लेक. नववीत आहे. मागच्या मे महिन्यात पुण्याला मावशीकडे गेली आणि तिथून पोकेमॉनच्या पत्त्यांचं वेड घेऊन आली. तिचा मावसभाऊ कॉलेजात आहे, तो खेळतो. इकडे आल्यावर ती गावातल्या दुकानातून दहा-दहा रुपयांची पाकिटं आणायला लागली. सोनेरी, चकचकीत पानं. मी बघितलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. पाकीट फोडायचं, चांगलं पान निघालं की नाचायचं, नाही निघालं की अजून दहा रुपये मागायचे. हे तर दिरांचंच लक्षण!

मग तिचा भाऊ आमच्याकडे आला. त्याने ती पानं हातात घेतली आणि हसला. म्हणाला, "मावशी, ही सगळी नकली आहेत. स्पर्धेत यातलं एकही चालणार नाही." त्याने आपलं अस्सल पान दाखवलं. अस्सल पानाच्या कडेला, दोन कागदांच्या मध्ये, बारीक काळसर रेघ असते. लेकीची शंभर-सव्वाशे पानं एका क्षणात रद्दी झाली. रडली बिचारी. पण त्या दिवसापासून पाकिटं बंद झाली आणि खेळ सुरू झाला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

खेळ कसा ते थोडक्यात सांगते. हा १९९६ साली जपानात निघाला. आपल्यासारखा बावन्न पानांचा एकच कॅट मध्ये ठेवून वाटत नाहीत. प्रत्येक खेळाडू आपला कॅट घरून लावून आणतो, बरोबर साठ पानांचा. एका नावाची जास्तीत जास्त चार पानं चालतात, फक्त साध्या ऊर्जेच्या पानांना ती मर्यादा नाही. पोकेमॉन म्हणजे लढणारे प्राणी. ऊर्जा म्हणजे त्यांचं वैरण-पाणी. बाकीची मदतीची पानं. एका पाळीत ऊर्जेचं एकच पान लावता येतं. पाण्याची बादली एक आणि जनावरं चार, असं समजा. आधी कुणाला पाजायचं ते तुम्ही ठरवायचं.

सुरुवातीला सात पानं हातात घ्यायची आणि सहा पानं बक्षिसाची म्हणून पालथी बाजूला ठेवायची. समोरच्याचा प्राणी गारद केला की त्या सहातलं एक उचलायचं. काही बलाढ्य प्राण्यांना दोन-तीनही मिळतात. ज्याची सहा आधी उचलून होतील तो जिंकला. समोरच्याच्या पटावर एकही प्राणी उरला नाही तरी जिंकलात. आणि पाळीच्या सुरुवातीला ज्याच्या कॅटात ओढायला पानच उरलं नाही, तो हरला. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

यात नशीब आहे का? आहे. कुठलं पान कधी येईल ते आपल्या हातात नसतं. पण पाऊस तरी कुठे आपल्या हातात असतो? काय पेरायचं आणि किती राखून ठेवायचं, ते हातात असतं.

दिवाळीनंतर भाच्याचा फोन आला, पुण्यात आसपासच्या जिल्ह्यांची मिळून स्पर्धा आहे. लेक माझ्यामागे लागली. मी सरळ सासूबाईंपुढे जाऊन बसले. चोरून काही करायचं नव्हतं. म्हटलं, "आत्या, असं असं आहे."

त्यांनी एकच विचारलं, "पैसे लावत्यात का?"

"नाही म्हणतात."

"तू बघितलंस?"

"नाही."

"मग बघून ये. आणि तोवर घरात पान आणायचं नाही."

झालं. आमचा सराव गोठ्यापुढे सुरू झाला. समोर बसायला दुसरं कोण? मीच. भाच्याने यादी पाठवली. आम्ही लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे तुकडे कापले, त्यावर पेनाने नावं लिहिली आणि दोन कॅट तयार केले. खर्च शून्य. रोज धारा काढून झाल्या की दोन डाव. पहिला महिना मी नुसती हरत होते. लेक म्हणायची, "आई, तू सगळ्यांना थोडं थोडं पाजतेस. एकाला धड उभा कर की." खरं सांगते, मला ते लागलं. आपण बाया घरातही तेच करतो.

स्पर्धेला मात्र पुठ्ठा चालत नाही, अस्सल पानं लागतात. उन्हाळ्यात आमच्या गटाच्या शेवया-कुरडयांच्या कामात लेकीने हात लावला होता, त्याचे तिचे अठराशे रुपये होते. त्यात एक तयार कॅट आणि काही सुटी पानं आली. सुटी म्हणजे जे पान हवं तेच, किंमत बघून घ्यायचं. बंद पाकीट एकही नाही. बंद पाकिटात काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं, आणि या खेळातला जुगाराच्या सगळ्यात जवळ जाणारा भाग तोच आहे.

शनिवारी फलटण-जेजुरीमार्गे एसटीने हडपसरला बहिणीकडे मुक्काम केला. रविवारी सकाळी नऊला एका हॉलमध्ये पोहोचलो. लांब टेबलं, समोरासमोर खुर्च्या. परदेशात अशा विभागीय स्पर्धांना हजारावर खेळाडू येतात आणि दोन-दोन दिवस चालतात म्हणे. इथे होते एकोणतीस. प्रवेश फी तीनशे रुपये. आधी प्रत्येकाने आपल्या साठ पानांची यादी लिहून द्यायची. यादीत एक आणि कॅटात दुसरं निघालं तर शिक्षा होते. मोठ्या स्पर्धांत वयाचे तीन गट असतात, इथे माणसं थोडी म्हणून सगळे एकत्रच.

एकोणतीस म्हणजे विषम. दर फेरीला एकजण नुसता बसून राहणार. संयोजक मुलगा भाच्याला म्हणाला, "अजून कुणी खेळणारं आहे का?" लेकीने सरळ माझ्याकडे बोट केलं! मी म्हटलं, "अगं बाई, मी कशाला?" पण तो मुलगा म्हणाला, "काकू, कॅट मी देतो, फी नको. तुम्ही बसलात तर सगळ्यांची सोय होईल." मला सासूबाईंचा शब्द आठवला, बघून ये. बसल्याशिवाय काय दिसणार? मी पदर खोचला आणि बसले. तीस जणांत बाया-मुली आम्ही चौघी.

एकूण पाच फेऱ्या होत्या. प्रत्येक फेरीत तीनपैकी दोन डाव जिंकायचे, वेळ पन्नास मिनिटं. जिंकलं तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक. आता मुख्य गोष्ट ऐका. इथे हरलं की घरी जायचं नसतं. पुढच्या फेरीला तुमच्याइतकेच गुण असलेला माणूस तुमच्यासमोर येतो. याला स्विस पद्धत म्हणतात. १८९५ साली झुरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली. म्हणजे हरलेल्यासमोर हरलेला बसतो, दोघंही पुन्हा शून्यातून उठायला बघतात.

मी पहिली फेरी हरले, दुसरी हरले, तिसरीही हरले. तिसऱ्या वेळी मनात आलं, उठावं आणि जावं. मग सुचलं, मी तीनदा हरले, पण माझं गेलं काय? दीर हरायचे तेव्हा पुढच्या डावाला आदल्यापेक्षा जास्त लावायचे. गेलेलं परत आणायला अजून घालवायचे. रान त्यातच गेलं. इथे तीनदा हरलेल्या माणसाला कुणी "अजून लाव" म्हणत नव्हतं. जी काय फी ती सकाळीच देऊन झालेली. हरण्याला इथे तळ होता. जुगारात तो नसतो, मैत्रिणींनो.

चौथ्या फेरीत समोर एक कॉलेजचा मुलगा आला. फार हुशार, भराभर पानं ओढायचा. मदतीच्या पानांनी एकेका पाळीला पाच-सात पानं घ्यायचा. पहिला डाव त्याने जिंकला, दुसरा मी कसाबसा. तिसऱ्यात तो पुढेच होता. पण मी मोजत होते. पगाराच्या तारखेपर्यंत डब्यातलं पीठ पुरेल का ते आपण मोजतो ना, तसंच. माझा एक दांडगा प्राणी मी पुढे धरून ठेवला आणि त्याच्या कॅटाकडे बघत बसले. वेळ संपता संपता त्याने ओढायला हात पुढे केला आणि खाली टेबल लागलं. पानच नव्हतं! तो म्हणाला, "काकू, तुम्ही मोजत होता?" मी म्हटलं, "बाळा, जन्मभर तेच केलंय." तो उठून हात मिळवून गेला.

पाचवी फेरी मी हरले. पण त्या फेरीत माझं लक्ष माझ्या पटावर नव्हतंच. दोन टेबलं सोडून लेक बसली होती. दोन विजय, एक बरोबरी, एक हार. ही फेरी जिंकली असती तर पहिल्या आठांत यायची आशा होती. समोर तिशीतले एक साहेब. तिसरा डाव, दोघांची एकेकच बक्षिसं राहिलेली. आणि मला दिसलं, तिने हात वर केला. पंच आले. मला वाटलं, समोरच्याने काही गडबड केली.

गडबड तिचीच होती. चार पानं ओढायची होती, पाच आली होती. पानं नवी, कडक, एकमेकांना चिकटलेली. त्या साहेबांनी बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. पंचांनी तिच्या हातातलं एक पान न बघता काढलं आणि परत कॅटात पिसायला लावलं. ताकीद दिली. जे गेलं तेच तिला हवं असलेलं पान होतं. पुढच्या पाळीला ती हरली.

ती आली चौदावी, मी आले सव्विसावी. पहिल्या आलेल्यांना बक्षीस म्हणून पत्त्यांची पाकिटं होती, रोख काही नाही. एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. जेजुरी मागे पडल्यावर म्हणाली, "आई, मी बोलले नसते तर?" मी म्हटलं, "तर जिंकली असतीस." तेवढंच बोललो.

घरी पोहोचायला रात्र झाली. सासूबाई ओट्यावर जाग्या होत्या. मला म्हणाल्या, "बघितलंस?" मी सगळं सांगितलं. फी, फेऱ्या, माझ्या चार हारी, आणि ते पाचवं पान. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग नातीला म्हणाल्या, "कुणी बघितलं नव्हतं?"

"नाही, आज्जी."

"तरी दिलंस?"

"हो."

सासूबाई उठल्या. "त्यानं बी दिलं असतं तर," एवढंच पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "भाकरी झाकून ठेवलीय, जेव. आणि ती पानं गोठ्यात ठिवू नको. दमट हाय तिथं. आत कपाटात ठेव."

मैत्रिणींनो, पत्ते चांगले की वाईट, हा वाद मी घालणार नाही. आपल्या गटातल्या कुणाच्या मुला-मुलीने असा खेळ मागितला तर एकदा सोबत जाऊन बसा. बंद पाकिटांना पैसे देऊ नका. खेळ पुठ्ठ्यावर शिकता येतो. खर्चाचा आकडा आधी ठरवा आणि त्यापुढे जाऊ नका. आणि फोनवर पैसे लावून चालायची ती रमी याच्यात धरू नका, तिला तळ नव्हता.

आमच्या गोठ्यापुढे आता रविवारी गल्लीतल्या पाच मुली पुठ्ठ्याचे कॅट घेऊन बसतात. पुढच्या स्पर्धेला लेक जाणार आहे. विषम आकडा झाला तर मीही आहेच.

बरं, भांडी राहिली असतील तर घासून घ्या. नमस्कार.